अस्सल जातिवंत कोंबड्या खान्देशात मिळतात कुठे? (नवशिक्याचा प्रश्न)

तापीकाठचा
राम राम मंडळी. प्रश्न सरळ आहे, पण कोणी सरळ उत्तर देत नाही म्हणून इथे आलो. मी शिरपूरकडचा, साडेतीन एकर, कापूस आणि मका. मळ्यातच घर आहे, निंबाची सावली आहे, आई दिवसभर तिथेच असते. मागच्या पावसाळ्यात रस्त्याला टेम्पो लावून एक जण पिल्लं विकत होता, "ओरिजनल झाबुआ कडकनाथ" (मध्य प्रदेशातली, आतून-बाहेरून काळी असणारी जात), ऐंशी रुपयाला एक. पंचवीस घेतली. पहिल्या आठ दिवसात अकरा गेली, ती माझीच चूक, बल्ब फार उंच टांगला होता आणि पिल्लं थंडीने एकमेकांवर चढून दबली. उरली चौदा. दोन महिन्यांनी बघतो तर पिसं सगळ्यांची काळी, पण नऊ जणांचे पाय राखाडी आणि तुरा जास्वंदीसारखा लाल. त्यातला एक कोंबडा कापला तर आत ब्रॉयलरपेक्षा गोरा. मेहुणा अजून फोन करून विचारतो, दाजी, तुमच्या कडकनाथला कोणती क्रीम लावता?

तर सांगा, नवीन माणसाने अस्सल जात ओळखायची कशी आणि धुळे-जळगाव-नंदुरबारात आणायची कुठून? दहा-बाराच पाहिजेत. धंदा करायचा नाही, निदान आत्ता तरी.

केळीवाला_रावेर
क्रीमचं नाव आम्हालाही सांगा दाजी.

अहिराणी_भो
कोंबडी लेवाना पहिले खुराडं बांध भो, मुंगूस वाट देखी ऱ्हायना.

गुरांचा_डॉक्टर
तुमचे ते नऊ पक्षी बहुतेक ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प किंवा त्याचा क्रॉस असावेत. पिसं काळी कुळकुळीत, तुरा लाल, कातडी पांढरी. पिल्लू लहान असताना नवख्या माणसाला फरक कळत नाही, म्हणूनच हा माल कडकनाथच्या नावाने खपतो. ऑस्ट्रलॉर्प वाईट जात नाही, अंडी चांगली देते, उलट कडकनाथपेक्षा जास्तच. फसवणूक नावाची झाली.

कडकनाथमध्ये काळेपणा पिसात नाही, आत असतो. तुरा, गलोल (गळ्याखालची लोंबती कातडी), जीभ, चोच, पाय, नखं, कातडी, हाडावरचं आवरण, सगळीकडे मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य. तोंड उघडून जीभ आणि टाळा बघायचा, ही पहिली परीक्षा. कोंबड्याच्या तुऱ्यावर कधीकधी जांभळट-लालसर झाक येते, त्याला घाबरायचं नाही. आणि पिसं काळीच असली पाहिजेत असंही नाही, त्याच्यात पूर्ण काळा, पेन्सिल्ड (रेघारेघांचा) आणि गोल्डन असे तीन प्रकार आहेत. एक दिवसाचं पिल्लू निळसर-काळं असतं आणि पाठीवर वेड्यावाकड्या गडद रेषा असतात. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. "काळं अंडं" म्हणून कोणी दाखवलं तर त्याच्या टेम्पोचा नंबर लिहून घ्या.

पण इथेच गोम आहे. काळेपणाचा गुण प्रबळ असतो, त्यामुळे कडकनाथ कोंबडा आणि गावठी कोंबडी यांच्या पहिल्याच पिढीत बरीच पिल्लं, त्यातही तलंगा (तरुण कोंबड्या), चांगल्या काळ्या निघतात. म्हणजे हातातला एक पक्षी बघून शुद्ध-अशुद्ध ठरत नाही. आईबापांचा पूर्ण कळप बघायचा, शक्य असेल तर त्यांची मोठी झालेली पिल्लंही. जो विकणारा कळप दाखवत नाही, त्याच्याकडून घ्यायचंच नाही. टेम्पोत कळप नसतो.

पुण्यातला_खान्देशी
डॉक्टर, जीआय (भौगोलिक मानांकन) असलेलाच घेतला तर झालं ना?

गुरांचा_डॉक्टर
@पुण्यातला_खान्देशी, २०१८ साली झाबुआला जीआय मिळाला तो कडकनाथच्या मांसाला. दंतेवाड्यानेही दावा केला होता, शेवटी झाबुआला मिळाला. पिल्लाच्या पायात काही जीआयचा छल्ला घालून येत नाही.

काळी_जीभ
मी कडकनाथवाला, त्यामुळे बाजू घेणारच. अस्सल पाहिजे तर मूळ गावी जा, एवढं सोपं आहे. शिरपूरहून सेंधवा, बडवानी, कुक्षी, अलीराजपूर, झाबुआ. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने कडकनाथवर बरंच काम केलंय, आधी फोन करून नंबर लावायचा आणि थांबायची तयारी ठेवायची. धोनीने दोन हजार पिल्लांची ऑर्डर झाबुआ जिल्ह्यातच दिली होती आणि मध्ये बर्ड फ्लू आला म्हणून त्यालाही २०२२ पर्यंत थांबावं लागलं, तर तुम्ही-आम्ही कोण. मी दोन चकरा मारल्या. पहिल्या वेळी हात हलवत परत आलो, दुसऱ्या वेळी चाळीस पिल्लं खोक्यात, भोकं पाडून, रात्रीच्या प्रवासात आणली, एक मेलं. चार वर्षं झाली, माझ्याकडे आजही एक लाल तुरा नाही.

खुडूक_कोंबडी
@काळी_जीभ दादा, ते ठीक आहे, पण ह्या भाऊंना दहा-बाराच पाहिजेत आणि आई सांभाळणार आहे. माझं म्हणणं आधी कशासाठी पाहिजे ते ठरवा मग जात. मी पारोळ्याकडची, सासूबाईंच्या काळापासून दारात कोंबड्या आहेत. मला पण कडकनाथचं वेड लागलं होतं. कोंबडी छान, तब्येतीने काटक, पण अंड्यावर बसायचं नाव नाही. दोन दिवस बसायची की उठून फिरायला. शेवटी त्याची अंडी आमच्या गावठी कोंबडीखाली ठेवली आणि तिने एकवीस दिवस इमानदारीने बसून काढली. म्हणजे जातिवंताची पोरं वाढवायला बिनजातीचीच लागली. (हे वाक्य माझ्या सासूबाईंचं आहे, मी फक्त टाईप केलं.)

घरची अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया घ्या, हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेची आहे. अंडी आणि मांस दोन्ही हवं तर वनराजा किंवा बंगळुरूची गिरिराज. सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूरला आहेत, आपल्याला संभाजीनगर जवळ. पण हे सगळे सुधारित पक्षी, ह्यांची अंडी घरी उबवून पुढची पिढी तशीच निघेल ही अपेक्षा ठेवू नका.

चुलीवरचा_काळा_मसाला
मंडळी, मी एकच सांगतो. खान्देशी काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि कांदा, वर बोटभर तर्री. शिजल्यावर ताटात कडकनाथ कोणता आणि गावठी कोणती हे ओळखून दाखवा, कळण्याच्या भाकरीसकट जेवण माझ्याकडून.

केळीवाला_रावेर
@चुलीवरचा_काळा_मसाला पत्ता टाका.

साक्रीकर
विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या काकांनी कडकनाथमध्येच हात पोळून घेतलेत. पिल्लं, खाद्य, औषध आम्ही देतो, अंडी आणि पक्षी आम्हीच परत घेतो, भाव लिहून देतो, असली स्कीम होती. पहिली दोन बिलं वेळेवर आली. मग गाडी यायची थांबली. २०१९ ला राज्यभर बोंब झाली तेव्हा कळलं आपण एकटे नाही. काकांकडे दोनशे पक्षी, रोज खाणार, घेणार कोणी नाही. शेवटी आठवडे बाजारात गावठीच्या भावात गेले. तेव्हापासून काकू काळी साडी पण नेसत नाही म्हणते.

गंमत म्हणजे काकांचे पक्षी अस्सल होते. गिऱ्हाईक अस्सल नव्हतं.

काळी_जीभ
@साक्रीकर त्यात कोंबडीचा काय दोष? आणि एक सांगतो, कॅन्सर बरा होतो, शुगर जाते असलं सांगून विकणाऱ्यांनीच ह्या जातीचं नाव खराब केलं. चरबी कमी असते, चव वेगळी असते, एवढंच खरं. वर्षाला शंभराच्या आत-बाहेर अंडी. ज्याला झेपेल त्याने करावं.

पैलवान_चोपडा
असील घ्या ना भाऊ. काय ती मान, काय ते पाय. राजाच दिसतो.

खुडूक_कोंबडी
@पैलवान_चोपडा असील अंडी किती देते ते पण सांगा की. आणि दोन कोंबडे ठेवले तर रोज सकाळी रक्त पुसायचं. झुंजी लावणं तर कायद्याने बंद आहे.

पैलवान_चोपडा
झुंज कोण लावतंय ताई, मी फक्त बघायला ठेवलाय. पण अंड्यांचं खरं आहे, बायको पण तेच म्हणते.

नवापूरची_लेक
सगळं वाचलं. झाबुआ झालं, हैदराबाद झालं, बंगळुरू झालं. आपल्या खान्देशची स्वतःची नोंदणी झालेली कोंबडीची जात आहे हे कोणीच कसं बोललं नाही?

बुसरा. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे, तिथे देशी जातींची नोंद होते. त्यात महाराष्ट्र आणि गुजरातच्या नावाने बुसरा आहे, आणि तिचा मुलुख म्हणजे आमचा नवापूर, साक्रीचा पश्चिम भाग आणि पलीकडचा सुरत-डांगचा पट्टा. आमच्या पाड्यावर तिला बुसरा कोणी म्हणत नाही, नुसती कोंबडी म्हणतात, म्हणून ती कोणाला दिसत नाही. मला पण कृषी पदवीच्या परीक्षेत नाव वाचलं तेव्हा कळलं की ही तर आमच्या आजीच्या टोपलीखालची.

दिसायला छोटी, किलोभराची. अंग बहुतेक पांढरं आणि त्यावर मानेला, पाठीला, शेपटीला काळी-तपकिरी पिसं, कोंबड्याच्या पंखाजवळ तांबूस. एकेरी तुरा. अंडं लहान, तीस-पस्तीस ग्रॅमचं. वर्षाला पन्नासच्या आसपास. म्हणजे आकड्यात कोणाशीच स्पर्धा नाही. पण खाद्य विकत घ्यावं लागत नाही, दिवसभर चरते, घार दिसली की आवाज देऊन पिल्लं पोटाखाली घेते, संध्याकाळी झाडावर नाहीतर घराच्या आढ्यावर. आणि बसते. अशी बसते की हात घातला तर चोच मारून रक्त काढेल.

काळी_जीभ
@नवापूरची_लेक माफ करा ताई, पण पाड्यावर मोकळी फिरणारी कोंबडी शुद्ध कशी म्हणायची? शेजारचा कोणताही कोंबडा येतो. त्यापेक्षा माझे कडकनाथ तरी जाळीत आहेत. गावठी म्हणजे गावठी, तिला जात म्हणून मिरवायचं कशाला.

नवापूरची_लेक
तुमच्या कडकनाथची पण जात झाबुआच्या पाड्यावर मोकळं फिरूनच झाली ना दादा? जाळी नंतर आली.

गुरांचा_डॉक्टर
दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. देशी जात ही कुत्र्याच्या वंशावळीसारखी कागदावर चालत नाही. एका भागात पिढ्यानपिढ्या वाढलेला, साधारण एकसारखा दिसणारा आणि तसेच गुण पुढे देणारा कळप म्हणजे जात. म्हणून बुसरामध्ये रंगाचा थोडा फरक असणारच, दोन कोंबड्या हुबेहूब नसतील.

पण @काळी_जीभ म्हणतात तो धोका खरा आहे. योजनांमधून गिरिराज, वनराजाची पिल्लं गावोगाव वाटली गेली, त्यांचे कोंबडे मोकळे सुटले आणि स्थानिक रक्त पातळ झालं. त्यामुळे रस्त्यालगतच्या गावात जाऊ नका. जिथे वाटप झालेलं नाही असा आतला पाडा शोधा. आणि बाजारातून तर मुळीच नको. बाजारात डीपी क्रॉस आणि सोनाली असल्या संकरित कोंबड्याच गावरान म्हणून विकल्या जातात, पाय बांधून टोपलीत ठेवली की सगळ्याच गावठी दिसतात. शिवाय दहा गावचे रोग एका टोपलीत. घरून घ्या, सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी जा, म्हणजे पूर्ण कळप, कोंबड्यासकट, एका जागी बघायला मिळतो. अंडी बघा. एखाद्या घरी मोठाली तपकिरी अंडी दिसली तर समजा सुधारित रक्त शिरलंय.

साक्रीकर
नवापूर म्हटलं की मला २००६ आठवतं. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा तिथेच सापडला. मी तेव्हा बारावीला. पोल्ट्र्या तर गेल्याच पण घरोघरच्या कोंबड्यासुद्धा पोत्यात भरून नेल्या. २०२१ ला पुन्हा तेच. अशाने ती जात शिल्लक तरी किती असेल?

नवापूरची_लेक
आजीने तेव्हा एक कोंबडी देताना तिला हातात धरून ओट्यावर तासभर बसली होती. कोंबड्या न्यायला आलेल्या लोकांनी पण घाई केली नाही. पुढे दोन वर्षं दारात कोंबडा आरवला नाही. मग मामाच्या गावाहून, लांबच्या पाड्यावरून, एक जोडी आणली. असं करतच परत भरलं. म्हणून म्हणते, आत जा, आहेत.

तापीकाठचा
बाप रे, मी कडकनाथ विचारायला आलो आणि तुम्ही मला नवापूरला धाडताय. जातो. घेताना आणि आणल्यावर काय काळजी घेऊ ते सांगा. मागच्या अकरा पिल्लांचं मनावर ओझं आहे.

खुडूक_कोंबडी
पिल्लं नका आणू, तलंगा आणा. पाच-सहा महिन्यांच्या, अंड्यावर यायच्या बेतात. नवख्या माणसाने पिल्लापासून सुरुवात करायची म्हणजे पोहायला शिकायला पुराच्या तापीत उडी. पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश सेल्सिअस तरी ऊब लागते आणि दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते, ते कोंबडीच बरं करते. चार तलंगा आणि एक कोंबडा पुरे. कोंबडा दुसऱ्या घरचा घ्या, म्हणजे बहीण-भाऊ नकोत.

आणल्यावर पंधरा-वीस दिवस वेगळ्या ठेवा, तुमच्या जुन्या पक्ष्यांपासून लांब. आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस. ती चुकवली तर एका आठवड्यात अंगण रिकामं, हे मी एकदा बघितलंय, परत बघायचं नाही.

गुरांचा_डॉक्टर
लसीबद्दल एक अडचण आधीच सांगतो. मानमोडीच्या लासोटा लसीची कुपी शंभर डोसच्या खाली सहसा मिळत नाही, तुमचे पक्षी दहा. विरघळवलेली लस दोनेक तासात संपवावी लागते, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उद्या चालत नाही. म्हणून गल्लीतल्या पाच-सात घरांना सांगा, सगळ्यांच्या कोंबड्या एकाच पहाटे करा. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, खिशात नाही. डोळ्यात एक थेंब. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना लस दिली तर तुमच्याच वाचतात.

अहिराणी_भो
आनी मुंगूस?

गुरांचा_डॉक्टर
मुंगुसावर लस नाही. बारीक जाळी, तीही जमिनीत वीतभर गाडलेली.

तापीकाठचा
वृत्तांत देतो, उशीर झाला. मार्चमध्ये गेलो. @नवापूरची_लेक ताईंनी त्यांच्या चुलतभावाला सोबत दिलं, त्यांचे उपकार. पहिल्या दोन पाड्यांवर डॉक्टरांनी सांगितलेलंच दिसलं, लाल-तपकिरी मोठे पक्षी, मोठी अंडी. तिसऱ्या पाड्यावर गाडी जात नाही, वीस मिनिटं चाललो. सहा वाजता एका म्हातारीने बांबूचं डालगं उचललं आणि त्याखालून अकरा कोंबड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या, जणू कोणी मानेवर आणि शेपटीवर चहा सांडलाय. मी जी दाखवली ती सोडून बाकी कोणतीही घे म्हणे. म्हातारी मावची बोली बोलत होत्या, चुलतभाऊ मला अर्थ सांगत होता. मी म्हटलं तीच का नाही? तर म्हणे ती बसते. बाकीच्या पण बसतात पण ती कुठेही बसते, दगडावर बसवली तरी दगड उबवेल. अर्धा तास गेला. शेवटी तिच्याच दोन तलंगा दिल्या, आणखी दोन दुसऱ्या घरून, कोंबडा तिसऱ्या घरून. किंमत विचारली तर म्हणाल्या बाजारात काय आहे ते दे. मी जास्तच दिले.

वीस दिवस वेगळ्या ठेवल्या. लस केली, सात घरं मिळून ब्याऐंशी कोंबड्या झाल्या, एक शेजारी स्वतःचं बदक घेऊन आला होता.

आता प्रश्न. एक तलंग अंड्यावर आली आणि आता खुडूक बसलीये. एप्रिल संपत आलाय, इकडे त्रेचाळीस-चव्वेचाळीस. बसवू का?

गुरांचा_डॉक्टर
नको. ह्या उन्हात अंडी कोंबडीखाली जायच्या आधीच खराब होतात. पावसाळा लागू द्या. खुडूकपणा मोडायचा असेल तर दोन-तीन दिवस तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, गवत न टाकता ठेवा.

तापीकाठचा
डॉक्टर, उशीर झाला. मी विचारायच्या आधीच आईने बसवली होती. नऊ अंडी, माठाच्या मागे, ओलं पोतं टांगून, जिथे मांजर झोपायची तिथे. सातव्या दिवशी मोबाईलची बॅटरी लावून बघितलं, सहा अंड्यांत लाल जाळं दिसतंय, म्हणजे जीव धरलाय.

खुडूक_कोंबडी
आईंना नमस्कार सांगा. डॉक्टर, तुम्ही पण शिका जरा.

गुरांचा_डॉक्टर
शिकतोय.

काळी_जीभ
निघाली का पिल्लं? फोटो टाका, बघू तरी तुमची बुसरा.

तापीकाठचा
काल निघाली. सहातली पाच. चार पांढरट-पिवळी, एक मात्र काळंभोर.

आईला विचारलं. ती म्हणे टेम्पोवाल्याच्या तीन काळ्या कोंबड्या अंड्यासाठी ठेवल्या होत्या ना, त्यांची पण दोन अंडी घातली, जागा होती खाली. म्हणजे बाप बुसरा, आई बनावट कडकनाथ. जुने काळे कोंबडे मी आधीच काढले होते, पण कोंबड्या वेगळ्या केल्या नाहीत, हे माझं चुकलं. आजपासून मधे जाळी.

मेहुण्याला अजून सांगितलं नाही.